शुगरच्या नव्या गोळीचा त्रास आईने लपवला. तुमच्या घरचे अनुभवही लिहा

कृष्णाकाठ

मंडळी, विषय थोडा अवघड आहे, पण मोकळेपणाने लिहितेय. लाजेपायी किती बायका हे सोसत असतील कोण जाणे.

आई मिरजेजवळच्या गावात दादा-वहिनीकडे असते. वय ६४. मधुमेह जुना. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड बरीच वर्षं चालू आहेत. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅमची गोळी वाढवली. लघवीतून प्रथिनं जायला लागली होती आणि ही गोळी मूत्रपिंडाला सांभाळते. शुगर छान उतरली, वजनही थोडं घटलं. फोनवर आई "मी बरी आहे" एवढंच म्हणायची.

वहिनीला शंका आली ती जंतुनाशकाच्या बाटलीवरून. घरात लहान मूल नाही, कुणाला जखम नाही, आणि मोठी बाटली बघता बघता संपली. आई न्हाणीघरात दिवसातून चारपाचदा त्या पाण्याने धूत होती. खाज, आग, जांघेत चिरा पडलेल्या, रात्री डोळ्याला डोळा नाही. तिला वाटलं उन्हाळी लागलीय. म्हणून सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी सगळं करून झालं. मग तिने आपल्या मनानेच गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली आणि उरलेल्या डब्यात मागे सारून ठेवल्या. वहिनीने खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "पोराला काय सांगू असलं? आणि डॉक्टर पण बाप्या माणूस."

वहिनी हुशार. तिने सगळं एका चिठ्ठीवर लिहिलं: कुठे खाज, कधीपासून, गोळी किती दिवस चुकली. तपासणीला गेल्यावर चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, एकही अवघड प्रश्न न विचारता बाईडॉक्टरांकडे पाठवलं. बुरशीचा संसर्ग निघाला. लावायला क्लोट्रिमॅझोलचं मलम आणि फ्लुकोनॅझोलची एक गोळी. जंतुनाशक पूर्ण बंद, कारण त्यानेच कातडी अजून सोलवटत होती. साधं पाणी, नंतर कोरडं करायचं, सुती कपडे. आठवड्याभरात आई झोपायला लागली. मूळची गोळी बंद करावी लागली नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते असं: ही गोळी मूत्रपिंडाला साखर परत रक्तात घेऊ देत नाही, लघवीवाटे बाहेर काढते. दिवसाला साधारण ७० ग्रॅमपर्यंत. गोड लघवी जिथे लागून राहते तिथे बुरशीला आयतं खाणं मिळतं. बायकांमध्ये हा त्रास जास्त दिसतो. गोळी सुरू करतानाच हे दोन वाक्यांत कुणी सांगितलं असतं तर आईची अख्खी उन्हाळ्याची झोप वाचली असती. मला याचा खरंच राग आलाय.

तुमच्याकडे कुठल्या गोळीने काय झालं, कधी सुरू झालं आणि डॉक्टरांनी पुढे काय बदललं, हे लिहा. "डॉक्टरच बदला" एवढाच सल्ला कृपया नको.

---

शेवगा

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या सासूबाईंचं अगदी हेच चाललंय असं आत्ता वाचताना वाटलं. त्या सारख्या धूत असतात आणि विचारलं तर "काही नाही गं" म्हणतात. आज रात्री बसून विचारते.

---

देवगडहून

हे फक्त बायकांना होतं असं नाही. मला झालंय, त्याच प्रकारच्या गोळीने, माझी एम्पाग्लिफ्लोझिन आहे. पुढच्या कातडीला सूज, लाली, कातडी मागे सरकेना. पुरुष तर याबद्दल मित्राशीही बोलत नाहीत. मलमाने उतरलं, पण पुन्हा झालं, तेव्हा डॉक्टरांनी ती गोळी थांबवून दुसरी दिली. म्हणजे काहींना चालू ठेवता येते, काहींना नाही. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, दरवेळी मेडिकलमधून परस्पर मलम आणून वेळ मारून नेऊ नका.

अजून एक. या गोळीवर असताना लघवीच्या तपासणीत साखर भरपूर दिसते. लॅबचा कागद बघून आमच्या घरी रडारड झाली होती. ती दिसणारच, गोळीचं कामच ते आहे.

---

मात्रा

मी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, फार्मसी शिकलेला आहे. चार गोष्टी सांगतो, जरा लांबेल.

कृष्णाकाठ ताई, आईंना फ्लुकोनॅझोल दिलं तेव्हा ग्लिमेपिराइड चालूच होती ना? फ्लुकोनॅझोलमुळे ग्लिमेपिराइड शरीरातून हळू बाहेर पडते, तिचा जोर वाढतो आणि शुगर एकदम खाली येऊ शकते. एकाच गोळीने बहुधा काही होत नाही, पण पुढचे दोनतीन दिवस मशीनवर शुगर बघावी आणि जेवण चुकवू नये. बुरशीसाठी कुणी ही गोळी चिठ्ठीशिवाय मागितली तर मी आधी विचारतो की शुगरची कुठली चालू आहे. गिऱ्हाईकाला राग येतो, येऊ दे.

दुसरं, स्ट्रिप. आपल्याकडे दहाच्या पट्टीतून पाच गोळ्या कात्रीने कापून देतात. कापल्यावर कधी औषधाचं नाव जातं, कधी मुदतीची तारीख. पेशंट सांगतो "पांढरी लांबट गोळी". डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, त्यानंतर तेच औषध कितीतरी नावांनी आलं. हृदयाचे डॉक्टर एका नावाने देतात, शुगरचे दुसऱ्या नावाने, आणि माणूस दोन्ही घेतो. असे पेशंट माझ्यासमोर उभे राहिलेत. म्हणून ब्रँडच्या नावाबरोबर औषधाचं जे मूळ नाव छापलेलं असतं ते वाचा. ते खरं औषध. पूर्ण स्ट्रिप घ्या, किंवा तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

तिसरं, मेटफॉर्मिन. सगळ्यात जास्त तक्रारी हिच्याच: जुलाब, मळमळ, तोंडाला धातूसारखी चव, भूक मरते. कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवली आणि जेवणाबरोबर घेतली तर बहुतेकांचं पोट काही आठवड्यांत सावरतं. तरी नाही जमलं तर हळू सुटणारी गोळी मिळते, नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर लिहिलेलं असतं. ती चावायची नाही, फोडायची नाही, कुटायची नाही. आणि ती घेणाऱ्याला शौचात अख्ख्या गोळीसारखं काहीतरी दिसू शकतं. लोक घाबरून येतात, "गोळी विरघळलीच नाही, तशीच पडली." औषध आत सुटलेलं असतं, बाहेर पडतं ते रिकामं टरफल. पुन्हा दुसरी गोळी घेऊ नका.

मूत्रपिंडाचं काम फार कमी झालं असेल, म्हणजे रिपोर्टवर ईजीएफआर ३० च्या खाली, तर मेटफॉर्मिन देत नाहीत. वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन तपासायला सांगतात ते याचसाठी.

---

कृष्णाकाठ

मात्रा दादा, हो, ग्लिमेपिराइड चालू होती. बाईडॉक्टरांनी शुगर बघायला सांगितलं होतं, वहिनी सकाळ-संध्याकाळ मशीन लावायची. का ते आज कळलं. आणि कापलेल्या पट्ट्यांचं अगदी खरं आहे, आईचा डबा तसल्या तुकड्यांनीच भरलाय.

---

पहाटवारा

शुगर खाली येण्यावरून आमच्या बाबांचं सांगतो. आम्ही वाशीमला. बाबा ७१ वर्षांचे, एकाच गोळीत तीन औषधं: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. आषाढी एकादशीला गोळी नेहमीच्या वेळी घेतली, पोटात नुसता चहा. विठ्ठलाच्या देवळात गेले, रांग लांब, फराळाला उशीर. दर्शनाच्या रांगेतच दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध. एका बाईंनी शहाणपणाने पेढा तोंडात घातला. मी पोचलो तेव्हा अजून दोन पेढे खाऊन झाले होते, तरी मशीनवर आकडा ५४. वाट बघितली, फार हलेना. शेवटी शेजारच्या मेडिकलमधून ग्लुकोज पावडर आणून पाण्यात पाजली, तेव्हा माणसात आले.

नंतर डॉक्टरांनी उलगडा केला. व्होग्लिबोजचं कामच आतड्यात साखर आणि पिष्ट फुटू न देण्याचं. साध्या साखरेचं ग्लुकोज व्हायला आधी ती फुटावी लागते, म्हणून पेढा, साखर, गूळ अशा वेळी उशिरा लागू पडतात. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्यांनी ग्लुकोजच जवळ ठेवायचं. साधारण १५ ग्रॅम घ्यायचं, १५ मिनिटांनी शुगर बघायची, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा घ्यायचं. मग व्यवस्थित खायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट दवाखाना.

ही तीन औषधांची गोळी आपल्याकडे घरोघरी आहे. एवढी गोष्ट कुणालाच माहीत नसते याचं मला अजून आश्चर्य वाटतं. बाबांच्या सदऱ्याच्या खिशात आता ग्लुकोजची पुडी असते आणि उपासाच्या दिवशीच्या गोळीचं डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलंय.

---

आजोळ

पहाटवारा, पेढ्याची गोष्ट वाचून काटा आला. आमच्या घरी आईला हीच तीन औषधांची गोळी आहे आणि उशाशी साखरेचा डबा ठेवलाय. आजच ग्लुकोज आणते.

---

मात्रा

पहाटवारा, लाखमोलाचं लिहिलंत. यात एक भर घालतो. रक्तदाबासाठी अटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर शुगर उतरल्यावर धडधड, थरथर जाणवत नाही. घाम मात्र फुटतोच. अशा माणसाला विनाकारण घाम आला की आधी मशीन लावा.

---

जुनी शाळा

मी निवृत्त शिक्षिका, कोल्हापूरला असते. माझा त्रास हळू आला, म्हणून कुणाला गोळीशी जोडता आला नाही. तळपायाला मुंग्या, चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. सगळे म्हणायचे, शुगर जुनी आहे, नसा गेल्या, आता हे असंच राहणार. मीही मान्य केलं होतं. मग जिभेची आग सुरू झाली, विसरायला व्हायला लागलं, पायऱ्या चढताना दम. नव्या डॉक्टरांनी बी-१२ तपासलं. फारच कमी निघालं.

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ शोषायला अडचण येते. त्यात मी शाकाहारी, आणि पित्तासाठी पँटोप्राझोल रोजची. ती गोळीही याच बाबतीत भर घालते. इंजेक्शनं झाली, आता महिन्याचं चालू आहे. दम गेला, जीभ सुधारली, मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. पूर्ण गेल्या नाहीत, कारण काही भाग मधुमेहाचा असेलच.

मला यातलं सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? दोन्हीची लक्षणं सारखी असल्यामुळे एक आजार दुसऱ्याच्या नावावर खपला. नसांचं नुकसान फार पुढे गेलं तर ते भरून येत नाही. ही तपासणी महाग नाही. मेटफॉर्मिन जुनी असेल आणि मुंग्या येत असतील तर नक्की मागून घ्या. आणि मनानेच बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खाऊन मग तपासायला जाऊ नका, आकडा फसवतो.

---

गोदातीर

सर्वांचे अनुभव वाचले. वाईट वाटलं. पण मग एवढं सोसून या गोळ्या घ्यायच्याच कशाला? माझ्या काकांनी गोळ्या बंद करून रोज सकाळी कारल्याचा रस, मेथी सुरू केली आणि भात-पोळी पूर्ण सोडली. छान आहेत. मी हे मनापासून सांगतोय.

---

परिचारिका

गोदातीर दादा, तुमची तळमळ कळते, पण हे वाचून कुणी तसंच केलं तर जिवावर बेतेल, म्हणून सविस्तर लिहिते. मी अतिदक्षता विभागात काम करते.

आमच्याकडे एक पन्नाशीच्या ताई आल्या होत्या. डापाग्लिफ्लोझिन चालू. कुणाचं तरी ऐकून भात, पोळी, भाकरी सगळं एकदम बंद केलं. काही दिवसांनी उलट्या, पोटात दुखणं, श्वास जोरजोरात. घरच्यांनी मशीन लावलं, शुगर २०० च्या आत. म्हणून "शुगर तर बरी आहे, पित्त असेल" म्हणून घरीच ठेवलं. आल्या तेव्हा रक्त आम्लधर्मी झालेलं, कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) भरपूर. वाचल्या, पण थोडक्यात.

मधुमेहात कीटोन वाढून जीव धोक्यात येतो तेव्हा शुगर सहसा तीनशे-चारशेच्या वर असते. या गोळीवर साखर लघवीवाटे जात राहते, त्यामुळे आकडा बरा दिसतो आणि घरचे, कधी कधी डॉक्टरसुद्धा, फसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्येच याची सूचना काढली होती. म्हणून डापा, एम्पा, कॅनाग्लिफ्लोझिन यातलं काही चालू असेल आणि उलट्या, जुलाब, ताप, खाणं-पिणं बंद असं काही झालं, तर ती गोळी त्या दिवसांत थांबवायची का हे डॉक्टरांना फोन करून लगेच विचारा. खरं तर हे आधीच लिहून घेऊन ठेवा. उलट्या, पोटदुखी आणि जोराचा श्वास असेल तर शुगर कितीही असो, दवाखान्यात या आणि गोळीचं नाव आधी सांगा.

कृष्णाकाठ ताईंच्या विषयाला धरून एक: खाजेपुरतं ठीक, पण त्या भागात प्रचंड दुखणं, सूज झपाट्याने पसरणं, ताप असं असेल तर मलम लावत बसू नका. क्वचित होतं, पण तिथे तास महत्त्वाचे असतात.

कारल्याची भाजी जरूर खा. ग्लिमेपिराइडवर असताना रोज ग्लासभर रस घेणार असाल तर डॉक्टरांना सांगा, दोन्ही मिळून शुगर खाली जाऊ शकते.

---

गोदातीर

ताई, धन्यवाद. काकांना आधी यातलंच काहीतरी चालू होतं, नाव बघतो. उद्या त्यांना घेऊन तपासणीला जातो.

---

पहाटवारा

पायोग्लिटाझोनचा कुणाला अनुभव आहे का? आमच्या काकूंचे पाय घोट्यापाशी सुजलेत, मोजे काढले की खोल वळ राहतो. वजनही वाढतंय.

---

मात्रा

पायोग्लिटाझोनने अंगात पाणी साठतं, हे माहीत असलेलं आहे. हृदय अशक्त असलेल्यांना ती देत नाहीत. चढताना दम लागतो का, रात्री उशी उंच घ्यावी लागते का, हे आजच विचारा. उत्तर हो असेल तर उद्यावर टाकू नका. २०१३ च्या जूनमध्ये सरकारने या औषधावर बंदी घातली होती, मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून. जुलैअखेरीस ती उठवली आणि पाकिटावर इशारा छापायला लावला. काहींना ती उपयोगी पडते, पण सुजेवर दुर्लक्ष नको.

आणि सगळ्यांनाच सांगतो: औषधाचा त्रास पेशंट स्वतः कळवू शकतो. भारत सरकारचा औषध-सतर्कता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, गाझियाबादच्या फार्माकोपिया आयोगाकडून चालतो. फोन १८००-१८०-३०२४, पैसे पडत नाहीत. फॉर्म मराठीतही आहे. नवीन काही शोधून काढायची गरज नाही, माहीत असलेला त्रासही कळवला तर चालतो.

---

टेम्सकाठची

मी इंग्लंडमध्ये असते. इकडे गोळ्या अख्ख्या पाकिटात मिळतात आणि आत घडी घातलेलं पत्रक असतंच. औषधाचा त्रास कळवण्यासाठी यलो कार्ड नावाची व्यवस्था १९६४ पासून आहे; आधी ती डॉक्टरांसाठी होती, आता पेशंटही कळवू शकतो. मला मेटफॉर्मिनने पोट बिघडलं तेव्हा फार्मासिस्टनेच ते कसं भरायचं दाखवलं. पुण्याला आईच्या गोळ्या बघितल्या तर एकाही गोळीबरोबर कागद नव्हता. मग मीच मराठीत एका वहीत लिहून दिलं: गोळी कशासाठी, कशाबरोबर घ्यायची, काय झालं तर लगेच सांगायचं. ती वही आता तिच्या भिशीतल्या मैत्रिणींमध्ये फिरतेय.

---

शेवगा

काल सासूबाईंशी बोलले. हा धागाच वाचून दाखवला, कृष्णाकाठ ताईंच्या आईचं ऐकल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या. तोच त्रास आहे, तीच गोळी. सोमवारी नंबर लावलाय, चिठ्ठी लिहून झाली. एक प्रश्न राहिला. त्यांचं पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. ही गोळी आधी बंद करायची असते का?

---

परिचारिका

शेवगा ताई, भूल देऊन मोठी शस्त्रक्रिया असेल, बराच वेळ उपाशी राहावं लागणार असेल, तर डापाग्लिफ्लोझिन साधारण तीन दिवस आधी थांबवतात. मोतीबिंदू बहुतेक वेळा डोळ्यापुरती भूल देऊन होतो, तिथे नियम वेगळा असू शकतो. म्हणून सोमवारीच शुगरच्या डॉक्टरांना ऑपरेशनची तारीख सांगा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना गोळीची पूर्ण स्ट्रिप दाखवा. थांबवायची का, किती दिवस आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. सासूबाईंना म्हणावं, मनाने बंद करू नका. आणि सोमवारी काय झालं ते इथे कळवा.